गोल जुळत नाही? बिट बदलण्याआधी खिळा बदला

सोलापुरातल्याच एका गृहस्थांनी विचारलं आहे. जुन्या वाड्याच्या सागाच्या फळ्या जोडून त्यांना टीपॉयसाठी ४५० मिमी व्यासाची गोल तबकडी कापायची होती. जाडी २२ मिमी. हाताशी ट्रिमर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारा छोटा राउटर), ६ मिमीचा सरळ बिट (ते फिरतं पातं), १२ मिमी प्लायच्या पट्टीचा घरी केलेला जिग (ट्रिमरला खिळ्याभोवती गोल फिरवणारी पट्टी) आणि मध्ये एक खिळा. फेरी पूर्ण करून सुरुवातीच्या जागी आलं की जवळजवळ एक मिमीची पायरी पडते. कडेला समोरासमोर दोन ठिकाणी लाकूड उपटलं गेलंय, मधूनमधून काळे डाग आहेत, आणि शेवटी तबकडी सुटली त्या क्षणी बिटने कडेचा लचका तोडला. प्रश्न असा की महागातला स्पायरल, म्हणजे पिळाच्या धारेचा, बिट घेतला तर हे सगळं थांबेल का?

नाही थांबणार. चार तक्रारी आहेत आणि चारही वेगळ्या आहेत. नवा बिट त्यातल्या दोघींना थोडा उतारा देईल, पायरीला आणि लचक्याला काहीच नाही. तुम्ही फोटो दिलेला नाही, त्यामुळे मी सुतावरून स्वर्ग गाठतोय असं वाटेल. पण "समोरासमोर दोन ठिकाणी" हे तुम्ही लिहिलंत ना, तेवढ्यावरून बरंच कळतं. त्याकडे येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. मी जे सांगतोय ते ट्रिमर किंवा छोट्या राउटरचं आहे. अर्धा इंची कोलेटच्या (बिट आवळून धरणाऱ्या पकडीच्या) मोठ्या मशीनला ताकद जास्त, त्यामुळे काही युक्त्या तिथे चालत नाहीत. दुसरं, एकच तबकडी करायची की दहा, यावर पद्धत बदलते. तिसरं, जुना साग असेल तर आधी चुंबक फिरवा. मोडून आत राहिलेला चुका वरून दिसत नाही आणि बिटाला लागला तर धारेवरच्या कठीण कार्बाइडचा तुकडा उडतो. वाड्याच्या लाकडात असे चुके हमखास निघतात.

आता पायरी. राउटर गोल काढत नाही, गोल काढतो तो मधला खिळा. राउटर फक्त समोर येईल ते लाकूड खातो. त्यामुळे खिळ्याच्या जागी जेवढी हालचाल, तेवढी सरळ त्रिज्येत उतरते. बाजारातला खिळा नीट गोल नसतो, त्याच्या मानेजवळ दातऱ्या असतात. पट्टीत आपण हातड्रिलने भोक पाडतो, ते अंमळ मोठंच पडतं. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या मिमीचा खेळ असला तर तो सुरुवातीला एका बाजूला आणि शेवटी दुसऱ्या बाजूला जातो, कारण फिरताना तुमचा हात कधी ढकलतो, कधी ओढतो. झाली एक मिमीची पायरी.

माझे वडील हातमागांची दुरुस्ती करायचे. धोटे, फण्यांच्या चौकटी, सगळं सुताच्या हिशेबात, एका इंचाची आठ सुतं. त्यांना गोल काढायचा असला की खिळा आणि दोरा, मग करवत, मग पटाशी, शेवटी रंधा. दोरा ताणतो म्हणून ते खिळ्याला बोटाने दाबून धरायचे. राउटर आल्यावर मी हे बोट विसरलो आणि वर्षभर पायऱ्या घासत बसलो.

उपाय स्वस्त आहे. ६ मिमीचा एक जुना ड्रिल बिट घ्या आणि त्याची मागची गुळगुळीत दांडी पिन म्हणून वापरा. पट्टीतलं आणि फळीतलं भोक तशाच ६ मिमी ड्रिलने पाडा, शक्यतो ड्रिल स्टँडवर, म्हणजे ते तिरकं जाणार नाही. फळीत १० मिमी खोली पुरे, आणि ते भोक तबकडीच्या खालच्या बाजूला पाडा. म्हणजे कापायचं उलट्या बाजूने. वर भोक दिसत नाही. दोन्ही बाजू दिसणार असतील तर पातळ प्लायचा तळहाताएवढा तुकडा डबल टेपने मध्ये चिकटवून पिन त्यात बसवा. साग तेलकट असतो, टेप लावण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली टेपचा गोंद मऊ पडतो आणि तुकडा हळूच सरकतो. हा मार खाऊन झालाय. उन्हाळ्यात मी दोन छोटे स्क्रूच मारतो.

पिन घट्ट असूनही पायरी राहिली तर कोलेट बघा. आपल्याकडे दुकानात ६ मिमी दांडीचे आणि पाव इंची दांडीचे बिट एकाच ट्रेमध्ये पडलेले असतात, आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. पाव इंची कोलेटमध्ये ६ मिमीचा बिट आवळला की आवळल्यासारखा वाटतो, पण कापताना हळूहळू खाली सरकतो. ओळखायची खूण अशी: एका फेरीत खाच सुरुवातीला उथळ आणि शेवटी खोल झाली, तर बिट सरकतोय. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढे काहीही करू नका, धोक्याचं आहे. बसवताना बिट पूर्ण तळाला टेकवून दोन-तीन मिमी वर उचला, मग आवळा. आणि हो, प्लग काढून.

तुमच्या जिगची पट्टी १२ मिमी आहे, ही मला जास्त खटकणारी गोष्ट. ट्रिमरच्या सरळ बिटाची धार साधारण २० ते २५ मिमी. त्यातली १२ मिमी पट्टीनेच खाल्ली. २२ मिमीच्या फळीच्या तळापर्यंत जायला तुम्ही नक्कीच बिट कोलेटमधून बाहेर ओढून घेतला असणार. बाहेर आलेला बिट थरथरतो, वाकतो, आणि पायरीत आणखी भर घालतो. पट्टी ६ मिमी अॅक्रिलिकची किंवा ६ मिमी एमडीएफची करा, ट्रिमरचा मूळ प्लॅस्टिक बेस काढून त्याच स्क्रूंनी थेट बसवा. तरी धार कमी पडली तर हट्ट करू नका. १५-१६ मिमीपर्यंत जिगने कापा, खालचं लाकूड जिगसॉने (वरखाली चालणाऱ्या विजेच्या करवतीने) रेषेबाहेर दोन मिमी ठेवून कापा, आणि बेअरिंगवाल्या (दांडीवर मोकळं फिरणारं छोटं चाक असलेल्या) बिटने वरच्या तयार कडेवर बेअरिंग टेकवून तेवढं छाटा.

मापाचं एक वाक्यात: तबकडी हवी असेल तर पिनच्या मध्यापासून बिटाच्या आतल्या कडेपर्यंत त्रिज्या धरायची, भोक हवं असेल तर बाहेरच्या कडेपर्यंत. तुमच्या ४५० च्या तबकडीला पिन ते बिटाचा मध्य २२५ आणि ३ मिळून २२८ मिमी. १५० मिमीचं भोक असतं तर ७५ वजा ३, म्हणजे ७२.

आता ते समोरासमोरचं उपटणं. मागवाल्यांच्या गावात हे समजावणं सोपं आहे. लाकडाला फक्त ताणा असतो, बाणा नसतो. सगळे धागे एकाच दिशेला. तुम्ही गोल फिरता तेव्हा कधी धाग्यांच्या बाजूने कापता, कधी त्यांच्या तोंडावर, कधी त्यांच्या उलट. पेन्सिलला टोक करताना आपण जाडीकडून टोकाकडे तासतो. उलट, टोकाकडून जाडीकडे पातं नेलं तर ते लाकडात घुसून ढलपी उचकटतं. गोलाचंही तसंच आहे. गोलाचे चार पाव भाग करा. दोन भागांत बिट पेन्सिलीला टोक करतो, दोन भागांत उलट तासतो. आणि हे दोन वाईट भाग नेहमी तिरके समोरासमोर येतात.

कोणते, ते बिटाच्या फिरण्याच्या दिशेवर. वरून पाहिलं तर राउटरचा बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. तबकडीच्या कडेला राउटर काट्यांच्या उलट न्यायचा असतो, आणि भोकाच्या कडेला काट्यांप्रमाणे. माझ्याकडे नवीन पोरगं आलं की हेच सगळ्यात आधी विसरतं. मग मी त्याला विचारतो, सिद्धेश्वराच्या देवळात प्रदक्षिणा कशी घालतोस? देव उजव्या हाताला, म्हणजे काट्यांप्रमाणे. बस्स. भोक ठेवायचं तर प्रदक्षिणा सुलटी, तबकडी ठेवायची तर उलटी. एकाने हसून विचारलं होतं, "उलटी घातली तर पाप लागत नाही का बे?" सुलटी घातली तर राउटर पळतो, ते पाप मोठं.

तर तुम्ही दिशा बरोबर ठेवली असं धरतो, काट्यांच्या उलट. फळीचे धागे तुमच्यासमोर डावीकडून उजवीकडे जातायत असं ठेवून वरून बघा. उपटलेले भाग वर उजवीकडे आणि खाली डावीकडे असतील. बरोबर आलं असेल तर तुमचा बिट निर्दोष आहे, तो उलट धाग्यात गेला एवढंच. 

यावर माझा इलाज म्हणजे तबकडी दोनदा कापायची. पहिल्यांदा सगळं कच्चं काम एक मिमी मोठ्या त्रिज्येवर, म्हणजे पिन ते बिटाचा मध्य २२९ मिमी. एका फेरीला ३ मिमी खोली, बिटाच्या जाडीच्या निम्मी, त्याहून जास्त नाही. २२ मिमीला सात-आठ फेऱ्या होतात, कंटाळा येतो, पण ट्रिमरचा आवाज एकसारखा राहतो. मशीन रडायला लागली की समजायचं, खोली जास्त झाली. कच्च्या कामात कडा फाटली, काळी पडली, पायरी आली, तरी चिंता नाही. ते सगळं त्या एका मिमीत जाणार आहे.

मग पिन २२८ च्या भोकात लावून शेवटचा तो एक मिमी सोलायचा. यात बिटाला ओढ नसते, लाकूड पातळ सुटतं आणि धागे आतून उपटायला त्याच्याकडे जोरच नसतो. पट्टीत २२९ आणि २२८ ची भोकं एका रेषेत पाडता येत नाहीत, एकात एक जातील. दुसरं भोक थोडं बाजूला पाडा, फक्त बिटाच्या मध्यापासून अंतर अचूक मोजा. माझ्या जिगवर अशी भोकं तिरकी जिन्यासारखी उतरत जातात.

तरीही त्या दोन पाव भागांत केस उभे राहिले तर शेवटच्या सोलण्यात तेवढ्याच दोन भागांत राउटर नेहमीच्या दिशेच्या विरुद्ध, म्हणजे काट्यांप्रमाणे, हलक्या हाताने आणू शकता. पिन असल्यामुळे बिट आत घुसू शकत नाही, पण राउटर पुढे पळायला बघतो. अर्धा मिमी उरलं असेल, दोन्ही हात मशीनवर असतील आणि मशीन ट्रिमर असेल, तरच. मोठ्या राउटरने हे करू नका.

फेरी सुरू कुठून करायची, हेही पायरीशी जोडलेलं आहे. बहुतेक ट्रिमर खाली दाबत नेता येत नाहीत, त्यामुळे आपण चालू बिट तिरका करून लाकडात घुसवतो. बऱ्याच सरळ बिटांच्या टोकाला मध्ये धारच नसते, ते तिथे कापत नाहीत, घासतात, आणि पहिला काळा डाग तिथेच पडतो. त्यापेक्षा रेषेबाहेर, टाकाऊ बाजूला १० मिमीचं आरपार भोक पाडा. दर फेरीला मशीन बंद करून खोली वाढवा, बिट त्या भोकात सोडा, मग चालू करा.

बाकीचे काळे डाग थांबण्याचे आहेत. हात बदलायला थांबलात, वायर अडकली म्हणून थांबलात, की मिनिटाला २५-३० हजार वेळा फिरणारा बिट जागच्या जागी घासून लाकूड भाजतो. धाग्यांची तोंडं जिथे येतात तिथे हे लवकर होतं. वायर छताच्या हुकाला टांगा, मशीन बंद ठेवून एकदा पूर्ण फेरी मारून बघा, पाय कुठे अडतात, कोपर कुठे टेकतं. टेबलाला चारही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. बिटावर चिकट काळा थर असेल तर रॉकेलने पुसा. सागात सिलिका असते, ती धार खाते, त्यामुळे साधा एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) बिट सागाला फार टिकत नाही. इथे मात्र चांगल्या कार्बाइड बिटाचे पैसे वसूल होतात. स्पायरल घ्यायचाच असेल तर भुसा वर काढणारा घ्या, खोल खाच मोकळी राहते. तबकडी तुम्ही उलटी ठेवून कापताय, त्यामुळे वरच्या तोंडाला तो थोडे केस उचलतो ते खालच्या बाजूला जातात. सनमायका लावलेल्या प्लायवर सनमायका वर ठेवून कापत असाल तर खाली दाबणारा लागतो.

लचका. शेवटच्या फेरीत बिट आरपार जातो तेव्हा तबकडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. ती अर्धा मिमी फिरते आणि बिट तिच्यात घुसतो. माझ्या एका चौरंगाच्या वेळी तर टाकाऊ कोपरा सुटून बिट आणि तबकडीच्या मध्ये अडकला, गिऱ्हाईक समोर उभं असताना. तेव्हापासून मी फळी कधीच मोकळ्या टेबलावर ठेवत नाही. खाली जुन्या प्लायचा मोठा तुकडा घ्या. तबकडी त्यावर घट्ट बसवा, टाकाऊ कोपरेही चारी बाजूंनी स्क्रूने बसवा. तबकडीची दिसणारी बाजू खाली आहे, म्हणून तिला स्क्रू चालणार नाहीत. मी खालच्या प्लायवर आणि तबकडीवर कागदी मास्किंग टेपच्या पट्ट्या लावतो, टेपवर फेव्हिक्विकचे थेंब टाकून दोघांना एकमेकांवर दाबतो. मिनिटाभरात पकडतं, काम झाल्यावर पटाशी सरकवली की सुटतं, लाकडाला डाग नाही.

आणखी एक, फळीचा चौकोन तबकडीपेक्षा पुरेसा मोठा घ्या. ४५० च्या गोलाला ४६० ची फळी घेतली तर चार ठिकाणी रेषेबाहेर पाचच मिमी लाकूड असतं, ते ६ मिमीचा बिट पूर्ण खातो आणि तिथे ट्रिमरला बाहेरून टेकायला जागा राहत नाही. मशीन कलंडली की कडेत खड्डा. चहूबाजूंनी निदान ३० मिमी जास्त ठेवा. जोडलेल्या फळ्या आधीच मापात असतील तर बाजूंना त्याच जाडीच्या टाकाऊ पट्ट्या लावून घ्या.

तुम्हाला एकच टीपॉय करायचाय, म्हणून हे सगळं. तीन-चार स्टूल करायची असती तर मी जिग सागावर लावलाच नसता. आधी ६ किंवा १२ मिमी एमडीएफमधून जिगने एक सुबक गोल काढायचा, तो खालच्या बाजूला चिकटवायचा, साग जिगसॉने दोन मिमी बाहेरून कापायचा आणि बेअरिंग बिटने छाटायचा. सागात पिनचं भोक नाही, चुकलं तर एमडीएफचा तुकडा चुकतो. दिशेचे नियम तेच.

एक सूचना, विचारली नसली तरी. सागाची तबकडी आज अचूक गोल असली तरी आपल्या मेच्या कोरड्या उन्हात ती धाग्यांच्या आडव्या दिशेने आकसते आणि पावसाळ्यात पुन्हा फुगते. ४५० मिमीला दोन-तीन मिमीचा फरक मी मोजलाय. ते गोलाचं अपयश नाही. पण पायांच्या चौकटीला ती गोंदाने पक्की चिकटवू नका, लांबट भोकांमधून स्क्रू मारा, नाहीतर जोडावर भेग जाते.

आता ती लचका गेलेली तबकडी. फेकू नका. लचका तीन-चार मिमी खोल असेल तर व्यास ४४० वर आणा. खिळ्याचं जुनं भोक ढिलं झालंय, तिथे १० मिमीचं भोक पाडून लाकडी गुल्ली फेव्हिकॉलने बसवा, रात्रभर वाळू द्या, आणि तिच्या मध्यावर ६ मिमीचं नवीन भोक पाडा. त्रिज्या २२०, म्हणून पिन ते बिटाचा मध्य २२३. कच्च्या कामाला २२४. कडेचे पाच मिमीच जायचे आहेत आणि बिट सहाचा आहे, म्हणजे बाहेर सुटून अडकायला तुकडाच उरत नाही. पण बिटाची एकच बाजू लाकडात असल्यामुळे दिशा चुकली तर राउटर लगेच पळेल, तेव्हा उलटी प्रदक्षिणा, न चुकता. ट्रिमरचा बाहेरचा अर्धा भाग हवेत असेल, म्हणून डावा तळहात पिनच्या बाजूला पट्टीवर दाबून ठेवा. आधी टाकाऊ प्लायवर एक गोल काढून सुरुवातीच्या जागी नख फिरवा. नखाला पायरी लागली नाही, की मग सागावर जा.